तीन बोटांची जागा

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरात काही वस्तू हमखास सापडतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचं रबर लावलेलं पुडकं, पाण्याची बाटली, हातरुमालांची चळत आणि एक छोटा आरसा. माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, या वस्तू जेवायच्या जागेजवळच्या कोनाड्यात असतात. सुरुवातीला पाहुणे आले की वहिनी त्यावर टॉवेल टाकायची. आता टाकत नाही. ऑपरेशन कुठं केलं, खर्च किती आला, सरकारी योजनेत बसलं का, एवढं सगळे विचारतात. त्यानंतर हा माणूस रोज जेवतो कसा, बोलतो कसा, हे विचारायला लोक बिचकतात आणि घरचेही सांगायला बिचकतात. म्हणून मी ते लिहिते आहे. दादाला विचारूनच लिहिते आहे.

दादाचं तासगाव तालुक्यात किराणा दुकान आहे. वर्षानुवर्षं तंबाखूचा बार जिथं धरला, नेमक्या त्याच जागी गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग न भरणारी जखम झाली. तुकडा तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा एक तुकडा आणि त्या बाजूच्या मानेतल्या गाठी काढल्या. गालाची रिकामी जागा भरायला छातीवरची कातडी स्नायूसकट फिरवून वर आणली. ही पद्धत १९७९ मध्ये एका अमेरिकन सर्जननं मांडली आणि आपल्याकडे आजही सर्रास वापरली जाते, कारण ती भरवशाची आहे आणि तिला फार महागडी साधनं लागत नाहीत. पण छातीची कातडी तोंडात गेली की छातीवरचे केसही तोंडात जातात. जेवणात केस आला म्हणून दादा कितीतरी दिवस जीभ फिरवत राहायचा. ते केस त्याच्याच गालाला उगवत होते. पुढे रेडिएशनमध्ये ते गळले. आधी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं, तर वहिनीनं स्वयंपाकाची भांडी पुन्हा पुन्हा घासली नसती.

नाकातून नळी होती तोवरचं काम कष्टाचं होतं, पण सरळ होतं. मुगाच्या डाळीचं पाणी, दूध, नाचणीचं सत्त्व, उकडलेलं अंडं, केळं, सगळं मिक्सरमधून काढायचं आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबते. दादाला टेकून बसवायचं, मोठी सिरिंज दट्ट्या काढून नळीला लावायची आणि हात उंच धरायचा. अन्न आपल्या वजनानं खाली उतरू द्यायचं, दाबायचं नाही. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. दर दोन-तीन तासांनी हेच. वहिनी नर्सकडून हे एका दिवसात शिकली.

मग रेडिएशन. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात, ती काही मिनिटांत घट्ट होते आणि तोच मुखवटा रोज चढवून टेबलाला अडकवतात. डोकं तसूभरही हलू नये यासाठी. किरणांनी दुखत नाही. दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, तोंड आतून सोलवटतं तेव्हा. लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या, गार दूध, पातळ पेज, आणि दर आठवड्याला वजनकाटा. लाळेच्या ग्रंथी किरणांच्या वाटेत येतात, त्यामुळे लाळ आटते. ती पाण्याची बाटली त्यासाठी. दादा रात्रीतून उठून घोट घेतो, अजूनही.

आता काड्या. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. निरोगी माणसाच्या तोंडात ती जातात. पस्तीस मिलिमीटरच्या आत तोंड उघडत असेल, तर जबडा आखडला असं डॉक्टर धरतात. ऑपरेशनचा व्रण आणि किरणं यांनी चावण्याचे स्नायू आवळत जातात. आवळलेलं तोंड दंतवैद्यालाही उघडता येत नाही आणि आत पुन्हा काही उगवलं तर दिसत नाही. म्हणून काड्या.

आइस्क्रीमची काडी साधारण दोन मिलिमीटर जाडीची. जातील तेवढ्या काड्यांची चळत दातांत धरायची. मग त्या चळतीच्या मधोमध आणखी एक काडी सरकवायची. बाजूनं घातली तर दातावर घासते, मधून घातली तर सरकते, हे फिजिओथेरपिस्टनं दाखवलं. काडी आत जाताना दादाचे डोळे भरतात, कानापर्यंत कळ जाते. ती तशीच धरून मनात आकडे मोजायचे, सोडायचं, पुन्हा. दिवसातून पाच-सहा वेळा, आणि एक-दोन महिने नाही, कित्येक महिने. एक दिवस चुकलं की दुसऱ्या दिवशी एक काडी कमी जाते. इतका रोखठोक हिशोब मी दुसऱ्या कुठल्या आजारात पाहिला नाही. वहिनी शेजारी बसून भाजी निवडते, काड्यांकडे बघत नाही. बघितलं की तो लवकर सोडतो, असं तिचं म्हणणं.

खांद्याचाही व्यायाम असतो. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस दुखावते, हात वर जात नाही. भिंतीला तोंड करून बोटांनी चढत जायचं आणि पोहोचलं तिथं पेन्सिलीची रेघ ओढायची. दुकानाच्या मागच्या खोलीत त्या रेघा आहेत.

आरशाचं काम वेगळं आहे. जबड्याबरोबर खालच्या ओठाची नस गेली, ओठ बधिर झाला. जेवताना आमटी हनुवटीवर ओघळते आणि त्याला कळत नाही. समोरच्याला कळतं. समोरचा नजर वळवतो आणि ते मात्र त्याला कळतं. म्हणून ताटाशेजारी आरसा, डाव्या हातात रुमाल. लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा गेला तेव्हा दादानं नुसता मठ्ठा घेतला आणि उठला. हल्ली तो आरसा खिशात घेऊन जातो, पोळी वरणात कुस्करून घेतो आणि शेजारच्याला आधीच सांगतो, “मला वेळ लागंल, तुम्ही उठा.” बहुतेक जण उठत नाहीत.

दुकानात बोलणं हाच धंदा. ओठांवरची अक्षरं, प, ब, म, आता नीट फुटत नाहीत. पोहे, बेसन, मोहरी, मीठ, सगळा माल नेमका त्याच अक्षरांचा. फोनवर तर कुणालाच कळायचं नाही, “दारू प्यायलाय का?” असंही एकानं विचारलं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, हळू बोला, वाक्य छोटं ठेवा, मधे पाण्याचा घोट घ्या. त्याहून जास्त उपयोग झाला तो समोरच्याला सांगून टाकण्याचा. दादा आता फोन उचलला की पहिलं वाक्य हेच म्हणतो, “तोंडाचं आपरेशन झालंय, जरा कान देऊन ऐका.”

हे सांगून टाकणं आमच्या घराला उशिरा जमलं. भावकीत आम्ही ‘दाढेचं ऑपरेशन’ असंच सांगितलं होतं, पुतणीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून. एका घरी दादाला पाणी वेगळ्या पेल्यात दिलं गेलं. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही, हे तिथल्या तिथं सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि आजारच लपवलेला असला की तेही बोलता येत नाही. वॉर्डात मात्र कुणी काही लपवत नव्हतं. तिथं दोन नावं सारखी निघायची. आमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, आबा, फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले, हे नाव भीतीनं निघायचं. शरद पवारांचं २००४ मध्ये ऑपरेशन झालं आणि दात गेले, तोंड उघडेना, गिळता येईना, हे ते जाहीर कार्यक्रमांत सांगतात. ते नाव धीरासाठी निघायचं. पक्ष कुणाचा कोणताही असो. मोठ्या माणसानं गिळता येत नव्हतं असं चारचौघांत म्हटलं की शेजारच्या खाटेवरच्या शेतकऱ्यालाही ते म्हणता येतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

दादानं दुकानातून तंबाखू काढली. गल्ल्यात रोज खोट आली, ती आहेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मावा चौकात घोटून मिळतो. दुकानात आलेल्या पोरांना दादा विचारतो, तिखट खाल्लं की तोंड भाजतं का, तीन बोटं जातात का. सुपारी-माव्यानं गाल आतून पांढुरका आणि ताठ होतो, तोंड हळूहळू मिटत जातं आणि त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. बायकांना तो मिश्रीबद्दल विचारतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. काहींना राग येतो. काही जण तपासून घेतात.

तपासणीची तारीख जवळ आली की घर गप्प होतं. आजार उलटायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी जावं लागतं. आदल्या रात्री कुणाला झोप नसते. पूर्वी तिघंही झोपल्याचं सोंग करायचो. आता वहिनी सरळ चहा टाकते आणि आम्ही बोलत बसतो.

तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल, तर पेशंटला समोर बसवून डॉक्टरांना आधी विचारा: तोंड किती उघडेल, ओठ बधिर होईल का, बोलणं कसं राहील, व्यायाम कुठल्या दिवशी सुरू करायचा. खराब दात रेडिएशनच्या आधीच काढायचे असतात, कारण किरणं बसलेल्या हाडाची जखम नंतर सहजासहजी भरत नाही. तेही विचारा. पुढे कधीही दात काढायची वेळ आली, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका. आणि उपचार संपलेला माणूस भेटला, तर ‘बरं आहे ना?’ म्हणून पुढे जाऊ नका. काय खाता येतं, ते विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबा.