रत्नागिरी जिल्ह्यातील ध्वनिमुद्रित संगीत

रत्नागिरी जिल्ह्यातील ध्वनिमुद्रित संगीत या विषयात दक्षिण कोकणातील श्रोत्यांनी विसाव्या व एकविसाव्या शतकांत गाणी विकत घेण्याच्या, ऐकण्याच्या व जपून ठेवण्याच्या पद्धतींचा समावेश होतो. या पद्धती ग्रामोफोनच्या तबकड्यांपासून आकाशवाणी, कॅसेट, मेमरी कार्ड व इंटरनेटवरील प्रवाही सेवांपर्यंत बदलत गेल्या. नाट्यसंगीत व चित्रपटगीते यांबाबत जिल्ह्याची वाटचाल उर्वरित महाराष्ट्रासारखीच आहे. जाखडी, नमन व डबलबारी भजन या स्थानिक प्रकारांच्या मुद्रणांचा इतिहास मात्र वेगळा असून त्यांची पद्धतशीर सूची फारशी झालेली नाही. जुन्या साधनांविषयीचे उल्लेख १ मे १९८१ पूर्वीच्या, म्हणजे सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीच्या, अखंड रत्नागिरी जिल्ह्याला लागू होतात.

तबकड्यांचा काळ

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग यांनी त्या वर्षी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. मूळ मुद्रणे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतील हानोव्हर येथे पाठवली जात. तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून गायक गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असे. मराठी रंगभूमीला हे तंत्र थोडे उशिरा मिळाले. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या गायनाची ख्याती केवळ वर्णनांतून उरली आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीतील बालगंधर्व व मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा आवाज मात्र तबकड्यांमुळे आजही ऐकता येतो.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत वीस-पंचवीस मिनिटे रंगणारे पद तेवढ्या वेळात बसवावे लागे. ज्यांनी ती नाटके पाहिली नाहीत, अशा श्रोत्यांच्या दृष्टीने ते पद म्हणजे तबकडीवरील आटोपशीर रूपच झाले.

नाट्यसंगीताशी रत्नागिरी शहराचा एक थेट संबंध आहे. विनायक दामोदर सावरकर येथे १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध होते. त्याच काळात त्यांनी लिहिलेले 'संगीत संन्यस्त खड्ग' हे नाटक दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझे यांचे होते. या नाटकातील पदे पुढील काळातही निरनिराळ्या गायकांनी ध्वनिमुद्रित केली.

चावीचा ग्रामोफोन ही सर्वसामान्य कोकणी कुटुंबाच्या आवाक्यातील वस्तू नव्हती. पिना वारंवार बदलाव्या लागत आणि लाखेच्या तबकड्या हातातून पडताच फुटत. त्यामुळे सामूहिक श्रवणाची सवय लागली. ज्याच्या घरी फोनो त्याच्या पडवीत गर्दी, हे दृश्य त्या काळातील महाराष्ट्राच्या अनेक भागांत सामान्य होते.

आकाशवाणी

आकाशवाणीमुळे गाणे ऐकण्यासाठी ते विकत घेण्याची गरज उरली नाही. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांचे प्रसारण आवळले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाल्यावर हा ओघ काही प्रमाणात परत फिरला. मराठी श्रोत्यांसाठी या काळातील सर्वांत मोठी घटना पुणे केंद्राची होती. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची ५६ गीते १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. गीते टिपून घेणे, पुढे छापील पुस्तक विकत घेणे आणि त्यावरून घरी म्हणणे हाही संग्रहाचाच एक प्रकार होता. त्यात ध्वनी मात्र श्रोत्याचा स्वतःचा असे. नंतर रत्नागिरीतही आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि स्थानिक कलावंतांना मुंबई-पुण्याला न जाता मुद्रणाची सोय मिळाली.

कॅसेट आणि चाकरमानी

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला. टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, १९८३ मध्ये गुलशन कुमार यांची टी-सीरिज सुरू झाली आणि ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. तबकडी काढण्यास कारखाना लागे; कॅसेटच्या प्रती काढण्यास एक खोली व काही यंत्रे पुरत. त्यामुळे छोट्या श्रोतृवर्गासाठी मुद्रण करणे प्रथमच परवडू लागले. पुण्यात सुरेश अलूरकर यांच्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी काढल्या, त्या याच बदलाचे एक टोक होत. दुसरे टोक लोकसंगीताचे होते.

कोकणापुरते या दुसऱ्या टोकाचे महत्त्व अधिक आहे. जाखडी (बाल्या नाच) हा गणेशोत्सवातील नृत्यगायनाचा प्रकार आहे. त्यात शक्तीवाले व तुरेवाले, म्हणजेच कलगी व तुरा या दोन पक्षांचे शाहीर सवाल-जवाब करतात. ढोलकी, झांज व घुंगरांच्या साथीने हा सामना रात्रभर चालतो. जाखडीचा श्रोता केवळ गावात नव्हता. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईत गिरण्यांत, गोदीत वा कार्यालयांत नोकरीस होते. हे चाकरमानी गणपती व शिमग्याला गावी येत आणि उरलेले वर्ष मुंबईत काढत. शाहिराची कॅसेट हा त्यांना सोबत नेता येणारा गावाचा आवाज होता. डबलबारी भजनांच्या कॅसेटींनाही मुंबई आणि गाव असा दुहेरी ग्राहक लाभला.

तबकडीप्रमाणे कॅसेटनेही गाण्याच्या आकारात हस्तक्षेप केला. रात्रभराचा सामना ६० किंवा ९० मिनिटांत बसवताना गण, गवळण व मोजके सवाल राहत. समोर प्रतिस्पर्धी नसताना केलेल्या मुद्रणात तर सवालाला मिळणारे हजरजबाबी उत्तरच नाहीसे होई, आणि जाखडीचा जीव त्यातच असतो. तरीही आज जुन्या शाहिरांची गायकी ऐकायची असल्यास पुष्कळदा या तुटक कॅसेटींखेरीज दुसरे साधन नाही.

याच काळात कॅसेटमध्ये 'गाणी भरून देणारी' दुकाने निघाली. ग्राहक कागदावर यादी लिहून देई आणि दुकानदार कोऱ्या कॅसेटवर तेवढीच गाणी उतरवून देई. कायद्याच्या दृष्टीने ही नक्कलच होती. ग्राहकाच्या दृष्टीने पाहता, संपूर्ण कॅसेट घेण्याची सक्ती न होता हवे तेच गाणे मिळण्याची ती पहिली सोय होती. सीडीचा काळ तुलनेने थोडका ठरला. मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे प्रसिद्ध दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

मेमरी कार्ड ते प्रवाही सेवा

'गाणी भरणे' हा शब्दप्रयोग कॅसेटकडून पेनड्राइव्ह व मोबाइलच्या मेमरी कार्डाकडे जसाच्या तसा आला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतील संगणकावरून थोड्या पैशांत शेकडो गाणी मिळू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हा व्यवसाय ओसरला. सावन सेवा २०१८ मध्ये जिओम्युझिकमध्ये विलीन होऊन जिओसावन झाली, तर स्पॉटिफाय व यूट्यूब म्युझिक या सेवा भारतात २०१९ मध्ये आल्या. २०१७ मध्ये सारेगामाने आधीच भरलेल्या ५,००० हिंदी गाण्यांचा 'कारवाँ' हा संच काढला. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. ज्येष्ठ श्रोत्यांना शोधपट्टीपेक्षा बटण सोयीचे वाटते, हे त्याच्या खपावरून स्पष्ट झाले.

प्रवाही सेवेत वर्गणीदार गाणे विकत घेत नाही. वर्गणी चालू असेपर्यंत ऐकण्याची परवानगी घेतो. कंपनी व सेवा यांच्यातील करार संपल्यास गाणे यादीतून जाऊ शकते. जाखडी व नमन यांची मुद्रणे मुख्यतः यूट्यूबवर आढळतात. वेळेची मर्यादा नसल्यामुळे तेथे संपूर्ण रात्रीचा सामना ठेवता येतो, हा मोठाच लाभ होय. उणीव नोंदींची आहे. शाहिराचे, गावाचे व वर्षाचे नाव अनेकदा नसते, असल्यास वेगवेगळ्या रीतीने लिहिलेले असते. शिवाय बरीच गीते गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असल्यामुळे त्यांवर मूळ हक्कधारकाचा स्वयंचलित दावा लागू शकतो.

स्वामित्वहक्क

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांवरील हा हक्क २०२४ अखेर संपला. गीत व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणून मुद्रण मुक्त आणि गीत बंधनात अशी स्थितीही उद्भवते. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांनाही स्वतंत्र हक्क दिला. प्रेक्षकातील कोणी मोबाइलवर सामना चित्रित करून प्रसारित केल्यास शाहिराला त्यास हरकत घेता येते. बहुतेक शाहीर मात्र अशा प्रसारणाकडे पुढील सुपारी मिळवून देणारी जाहिरात म्हणून पाहतात.

जतन

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या याद्या व माहिती प्रकाशित करण्याचे काम केले असून तिच्या कार्यात सुरेश चांदवणकर यांचा मोठा वाटा आहे. अशा संग्राहकांचे लक्ष स्वाभाविकपणे तबकड्यांकडे राहिले. लोकसंगीताच्या कॅसेटींना जुन्या बाजारात तेवढी किंमत नाही, त्यामुळे त्या जपण्याचे व्यापारी कारणही नाही.

रत्नागिरीचे हवामान या साधनांना प्रतिकूल आहे. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर चुंबकीय फितीसाठी साधारण ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. पावसाळ्यात तबकड्यांच्या कागदी वेष्टनांना व फितींना बुरशी लागते. बुरशी लागलेली फीत तशीच वाजवल्यास ती यंत्राचे मुखही खराब करते. म्हणून कॅसेट आधी कोरडी करून, फीत स्वच्छ करून, शक्यतो एकाच वेळी वाजवून संगणकावर उतरवून घेतात. वेष्टनावरील शाहिराचे, ढोलकीवाल्याचे व मंडळाचे नाव त्याच वेळी टिपून न ठेवल्यास मुद्रण निनावी राहते.