कोठीतला मराठी ग्रंथसंसार
हैदराबादच्या कोठी परिसरात, इसामिया बाजारात, १९२२ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. त्याचे मोल जाणण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. निजामी राजवटीत कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. राजधानीत आलेल्या मराठी माणसाला स्वभाषेचा सहवास अशा ग्रंथालयात लाभे. आवडलेली कादंबरी दुसऱ्याला सुचवताना, प्रवासवर्णनाच्या निमित्ताने स्वतःच्या प्रवासाच्या आठवणी सांगताना वाचकांचा स्नेह जुळतो. पोर्तुगीज अमलातील वाचनालये आठवणाऱ्या गोमंतकीयांना हे वेगळे सांगायला नको. मात्र मराठी लिपीशी फारकत झालेल्या परप्रांतीय पिढीला ही कपाटे मुकीच राहतील. म्हणून पुस्तकाबरोबर वाचकही घडवावा लागतो.