मैदानावरच्या आवाजाचा दर

पत्रकारिता शिकणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात : महाविद्यालयीन सामन्यांचे रेडिओवर समालोचन करून पुण्यात पोट भरता येईल का? आजचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविभागीय स्पर्धा दरवर्षी होतात. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून नदीत नावा घालतो आहे. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, मल्लखांब यांतले पुण्याचे नाव जुने आहे. खेळ आहेत, खेळाडू आहेत, बोलणारी मुले तर या शहरात कधीच कमी पडली नाहीत. तरीही या सामन्यांच्या रेडिओ समालोचनावर एखाद्याचे घर चालावे, अशी व्यवस्था इथे उभी राहिलेली नाही. ती का राहिली नाही आणि मैदानावरच्या आवाजाला पैसा नेमका कुठून मिळतो, हे समजून घेतले तर या मुलांना पुढची वाट दिसेल.

वारसा मोठा, कमाई जोडधंद्याची

भारतात क्रिकेटचे रेडिओ समालोचन सुरू झाले ते १९३४ मध्ये, मुंबईत, बॉबी तल्यारखान यांच्या आवाजात. दिवसभर एकट्यानेच माइक सांभाळायचा हा त्यांचा बाणा होता. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि मराठी समालोचनाचा पाया घालण्यात पुण्याचाच माणूस आघाडीवर राहिला. बाळ ज. पंडित स्वतः क्रिकेट खेळलेले होते. त्यामुळे चेंडू कुठे पडला, फलंदाजाचा पाय कुठे गेला, क्षेत्ररक्षक किती आत आला, हे ते खेळाडूच्या नजरेने पाहत आणि घरच्या मराठीत सांगत. षटक, यष्टी, झेल, पायचीत, धावचीत हे शब्द स्वयंपाकघरापासून रिक्षाथांब्यापर्यंत पोचले, त्यात पंडितांचा आणि वि. वि. करमरकरांसारख्या त्यांच्या समकालीनांचा वाटा मोठा होता. पंडित २०१५ मध्ये गेले, करमरकर २०२३ मध्ये.

या पिढीकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. समालोचन हे बहुतेकांचे दुसरे काम होते. करमरकर एका दैनिकाचे क्रीडा संपादक होते. हिंदीतले समालोचक सुशील दोशी अभियंता. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे मान मिळाला. पण नुसत्या रेडिओवर संसार उभा करावा अशी त्या काळातही सोय नव्हती. आकाशवाणीची रीत आजही साधारण तीच आहे. आधी आवाजाची चाचणी, मग यादीत नाव आणि काम निघेल तेव्हा दिवसाच्या हिशेबाने मानधन. अशा नैमित्तिक निवेदकांना तर महिन्यात सहाच दिवस काम देण्याचा दंडक आहे. अशा कामात दिवसाचा दर कितीही वाढवला तरी गुणाकार सहाशीच होतो. त्यामुळे नैमित्तिक निवेदनाकडे शिक्षण आणि ओळख मिळवण्याची जागा म्हणून पाहावे. महिन्याचा खर्च त्यावर बांधू नये.

चौऱ्याहत्तर रुपयांचे गणित

महाविद्यालयीन खेळाला सर्वांत जवळचे असते ते सामुदायिक रेडिओ केंद्र. केंद्र सरकारने २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे काढायला मुभा दिली. २००४ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही हे दार उघडले. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॉटपर्यंतच असते, म्हणून ते फार तर दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात ऐकू जाते. कार्यक्रमांपैकी निदान निम्मे स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट आहे. ही अट चांगलीच आहे. तिच्यामुळे विद्यार्थ्यांना माइक मिळतो. मात्र तो मिळतो तो बहुधा स्वयंसेवक म्हणून.

आता पैशाकडे येऊ. २०२४ च्या फेब्रुवारीत सुधारलेल्या धोरणानुसार सामुदायिक केंद्राला तासाला ७ ऐवजी १२ मिनिटे जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटे म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे दहा-दहा सेकंदांचे ७२ तुकडे. सगळेच्या सगळे या दराने विकले गेले असे धरले, तरी तासाचे ५,३२८ रुपये होतात. त्यातून वीज, यंत्रांची देखभाल, तंत्रज्ञ, कार्यालय, सगळे भागवायचे. केंद्राने मन मोठे करून यातला चौथा हिस्सा दोन समालोचकांना दिला, तर प्रत्येकाच्या हातात ६६६ रुपये पडतील. आणि कबड्डीचा सामना चालू असताना बहात्तरच्या बहात्तर जाहिराती मिळणे किती अवघड आहे, हे केंद्र चालवणाऱ्याला विचारावे. त्यामुळे केंद्राच्या नियतीत खोट काढण्यात अर्थ नाही. उत्पन्नाची कमाल मर्यादाच इतकी खाली आहे.

खासगी एफएम केंद्रांकडे जाहिराती अधिक आहेत, आणि कायद्याचा अडसरही नाही. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने स्थानिक स्वरूपाच्या खेळांचे थेट समालोचन खासगी केंद्रांना करू दिले आहे. अडसर खर्चाचा आहे. स्टुडिओत बसून गाणी लावायला एक निवेदक पुरतो. मैदानावरून बोलायचे तर दोन समालोचक, एक तंत्रज्ञ, खात्रीची जोडणी, गर्दीचा आवाज टिपणारा वेगळा माइक आणि पाऊस आला तर दुसरा कार्यक्रम, एवढी तयारी लागते. त्या बदल्यात दोन महाविद्यालयांची मुले आणि त्यांचे घरचे, एवढाच खात्रीचा श्रोता मिळतो. जाहिरातदार हा हिशेब आधीच करून बसलेला असतो.

पैसा मैदानाच्या कडेला उभा असतो

याच पुणे जिल्ह्यात खेळाच्या आवाजाला रोख पैसे मोजणारी ठिकाणे आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूरकडच्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बैलगाडा शर्यती बंदीनंतर पुन्हा जोरात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा मान्य केला. एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते. तेवढ्यात गाडामालकाचे नाव, गाव, बैलांची ख्याती आणि वेळ सांगायची, पुढच्या गाड्याला हाक द्यायची आणि ‘घाटाचा राजा’ ठरेपर्यंत हजारोंची गर्दी धरून ठेवायची. हे काम करणाऱ्या नामांकित निवेदकाची तारीख यात्रा कमिटीला आधीच घ्यावी लागते. कुस्तीच्या मैदानातही हेच. पुण्याबाहेर, शिरोळ तालुक्यातल्या कोथळीच्या शंकरराव पुजारींनी मल्ल, त्याचा वस्ताद, त्याची तालीम आणि टाकलेला डाव, हे सगळे आवाजात बांधून कुस्ती निवेदनाला प्रतिष्ठा दिली. टेनिस बॉल क्रिकेटच्या रात्रीच्या स्पर्धांतही समालोचकाची बिदागी स्पर्धेच्या अंदाजपत्रकात धरलेली असते.

इथे पैसा मिळतो आणि महाविद्यालयीन रेडिओत मिळत नाही, याचे कारण सोपे आहे. घाटात आणि आखाड्यात आवाजाची गरज असलेला माणूस मैदानाच्या कडेलाच उभा असतो. बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारले जायला हवे असते, गर्दी थांबायला हवी असते, आणि हे दोन्ही निवेदक करतो. संध्याकाळी हिशेब होतो. महाविद्यालयीन सामन्यात मात्र खर्च क्रीडा विभागाचा, प्रक्षेपण रेडिओ केंद्राचे, कौतुक प्राचार्यांचे. समालोचकाचे पैसे द्यायची जबाबदारी यातल्या कुणाच्याच कागदावर नसते.

तिसरे दार इंटरनेटने उघडले आहे. २०२३ च्या आयपीएलचे प्रक्षेपण जिओसिनेमाने बारा भाषांत केले, त्यात मराठी होती. त्या मराठी चमूत पुण्याचा केदार जाधव होता.  त्याच वर्षी जूनमध्ये गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. आता मोहल्ल्यातली स्पर्धासुद्धा यूट्यूबवर थेट दिसते, धावफलक पडद्यावर येतो आणि त्याला आवाज हवाच असतो. रेडिओने दिलेली शिस्त इथे उपयोगी पडते. दर दोन-तीन मिनिटांनी धावसंख्या सांगणे, खेळाडूचे नाव अचूक उच्चारणे आणि ज्याला काही दिसत नाही त्याला सगळे दाखवणे, हे ज्याला येते त्याला पुन्हा बोलावले जाते.

अमेरिकेत काय वेगळे घडले

महाविद्यालयीन खेळाच्या रेडिओवर खरा धंदा उभा राहिला तो अमेरिकेत. ८ ऑक्टोबर १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने दोन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना थेट ऐकवला. पुढे विद्यापीठांनी आपल्या सामन्यांचे रेडिओ हक्क विकायला सुरुवात केली. हक्क विकले गेले की घेणाऱ्याला जाहिराती मिळवाव्या लागतात, जाहिरातींसाठी ओळखीचा आवाज लागतो, आणि त्या आवाजाला वर्षाचा करार मिळतो. पण हे मोठ्या संघांपुरते. लहान महाविद्यालयांत तिथेही सामन्यागणिक थोडे पैसे मिळतात, आणि विद्यार्थी केंद्रांवर अनेक जण शिकण्यासाठी फुकट बोलतात. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डब्ल्यूएईआर केंद्रावर असेच बोलत मार्व्ह अल्बर्ट आणि बॉब कॉस्टस हे नामवंत समालोचक तयार झाले.

मुलांनी काय करावे, महाविद्यालयांनी काय करावे

या क्षेत्रात येणाऱ्याने पहिली दोन वर्षे कमाईपेक्षा ध्वनिमुद्रणे जमवावीत. तीन वेगळ्या खेळांचे पाच-पाच मिनिटांचे सलग समालोचन जवळ असेल, तर आयोजकाला पटवायला दुसरे काही लागत नाही. एकाच खेळावर विसंबू नये. कबड्डीचा हंगाम, क्रिकेटचा हंगाम आणि यात्रांचा हंगाम जोडला तर वर्ष भरते. काम लेखी ठरवावे : किती तास, प्रवास कुणाचा, ध्वनिमुद्रण पुन्हा वापरले तर काय. कराचेही भान हवे. आयकर खात्याने २००८ मध्येच क्रीडा समालोचकाला पंच आणि प्रशिक्षकांच्या बरोबरीने व्यावसायिकांच्या यादीत घातले आहे. अशा शुल्कावर साधारणपणे १० टक्के कर आधीच कापला जातो. २०२५-२६ पासून एका देणाऱ्याकडून वर्षाला ५० हजारांपर्यंत मिळालेल्या रकमेला ही कपात लागत नाही.

आणि महाविद्यालयांना एक आग्रहाची विनंती. सरकारच्या दृष्टीने समालोचन हा व्यवसाय आहे, मग शिक्षणसंस्थांनी तो हौस समजू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आपल्या विद्यापीठात आहेच. ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या आणि बागेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तासाचे पैसे मिळतात, तसेच ते आंतरमहाविद्यालयीन सामन्याचे समालोचन करणाऱ्यालाही मिळावेत. पंचाचे मानधन स्पर्धेच्या खर्चात धरले जाते, त्याच पानावर समालोचकाची एक ओळ वाढवावी. रक्कम लहान असली तरी चालेल. ती ओळ लिहिली गेली की काम कोणाचे आणि पैसे कोणी द्यायचे, हे ठरते. केंद्राला नियमित आवाज मिळतात, खेळाडूंच्या कामगिरीची नोंद राहते आणि बोलणाऱ्या मुलीला वा मुलाला पहिली कमाई स्वतःच्या मैदानावर होते. मराठी समालोचनाला पुण्याने पूर्वी माणसे दिली. यापुढेही ती मिळावीत असे वाटत असेल, तर पुढच्या हंगामाच्या अंदाजपत्रकापासून त्यांना मोबदला द्यायला सुरुवात करू या.