तुरीची साल का सुटत नाही?

हरभऱ्याचा वाळलेला दाणा जात्यात भरडला की साल बहुतेक सुटते आणि सुपात पाखडून वेगळी करता येते. तूर तशीच कोरडी भरडून पाहा. डाळीच्या तुकड्यांना साल चिकटून राहते, आणि ती काढण्याच्या नादात चुराच अधिक होतो. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन किंवा कपाशीच्या जोडीला तुरीच्या ओळी असतातच, त्यामुळे हा अनुभव विद्यार्थ्यांच्या घरी नवा नसावा.

तुरीच्या दाण्यात बाहेर साल, आत दोन दले आणि त्यांच्या कडेला इवलासा अंकुर असतो. साल आणि अंकुर मिळून वजनाच्या सुमारे १५ टक्के भरतात. म्हणजे १०० किलो तुरीपासून फार तर ८५ किलो डाळ मिळू शकेल. पारंपरिक गिरणीतून मात्र ७० ते ७५ किलोच हाती येते. मधले १०-१५ किलो चुनीत जातात, म्हणजे सालीबरोबर निघणाऱ्या भुकटीत आणि कणीत. चुनी गुरे खातात, तेव्हा ती वाया गेली असे म्हणता येणार नाही. पण माणसाच्या ताटातले प्रथिन कमी झाले हे खरेच. त्यातही दलाच्या बाहेरच्या थरांत प्रथिने अधिक असतात, आणि घासताना आधी तेच थर झिजतात.

या साऱ्याचे मूळ साल आणि दल यांच्यामधल्या डिंकासारख्या थरात आहे. हरभरा, वाटाणा, मसूर यांत तो पातळ असतो. तूर, उडीद, मूग यांत जाड. गिरणीतील एमरीच्या खरखरीत रोलरवर दाणे घासले जातात. डिंक घट्ट असेल तर तोच दाणा पुन्हा पुन्हा घासावा लागतो. वीज जाते आणि दलही झिजते. तेव्हा मोठी मोटार बसवून प्रश्न सुटत नाही. घासण्यापूर्वी डिंक सैल करणे हेच खरे काम आहे.

आपल्याकडची रीत तेच करते. प्रथम दाण्यांवर हलके ओरखडे पाडतात, कारण अखंड सालीतून तेल आत शिरत नाही. मग १०० किलोला पाव ते अर्धा किलो जवसाचे किंवा दुसरे तेल चोळून दाणे रात्रभर ढिगात ठेवतात व दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. पुढे पाणी शिंपडून पुन्हा मुरवतात. पाण्याने दल फुगते, वाळताना आकसते. साल तितकीच आकसत नाही, आणि या ओढाताणीत चिकटलेला जोड सुटतो.

ऊन फुकट मिळते, पण ढगाळ दिवसांत सगळे काम अडते. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तेलाऐवजी गरम हवेने दाणे तापवून मग मुरवण्याची पद्धत विकसित केली. तिला ऊन लागत नाही, इंधन मात्र लागते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' गावपातळीवर चालवण्यासाठी आहे. बुलढाणा जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. तूर बाजारात विकून तिचीच डाळ दुकानातून आणण्यापेक्षा ती गावात झाली तर वाहतूक वाचते आणि चुनीही गावच्या गोठ्यात राहते. मात्र तूर आधी चाळून बारीक-मोठे दाणे वेगळे करायला हवेत. रोलर आणि जाळी यांतले अंतर मोठ्या दाण्याला बसवले तर बारीक दाणा न घासताच निसटतो. हे साधे काम अनेकदा टाळले जाते, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. (डाळ चकचकीत दिसावी म्हणून पॉलिश करण्याने पोषणात काहीच भर पडत नाही, हेही वर्गात सांगावे.)

वर्गात एक प्रयोग करता येईल. तुरीचे १०० ग्रॅमचे दोन भाग घ्या. एक कोरडाच ठेवा. दुसरा पाच-सहा तास भिजवून, दाणे पुन्हा टणक होईपर्यंत उन्हात वाळवा. दोन्ही जात्यात सारखेच भरडा, चाळा, पाखडा. साल सुटलेली डाळ, साल न सुटलेली डाळ आणि चुरा यांची वेगवेगळी वजने करा. भिजवलेल्या तुरीची डाळ बोटात धरून नीट पाहा: ती मधोमध किंचित खोलगट असते, कारण वाळताना दलाचा मधला भाग आत ओढला जातो. ही डाळ शिजायलाही जास्त वेळ घेते. किती जास्त, ते सारख्याच पाण्यात आणि सारख्याच आचेवर दोन्ही डाळी शिजवून मोजता येईल.