दारू सोडल्यावरचे पहिले चार दिवस

पाड्यावरचा एखादा गडी दारू सोडायची शपथ घेतो आणि घरात आनंद होतो. पहिला दिवस निघतो. दुसऱ्या रात्री झोप येत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे फिरताना दिसतात, अंगणात नसलेल्या माणसांशी तो बोलू लागतो. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. भगताला बोलावणे जाते. नाहीतर कुणी शहाणा पेलाभर मोहाची पाजतो, गडी शांत होतो, आणि सगळ्यांचे एकमत होते की याला दारू सोडणे मानवत नाही. आरोग्यफेरीत असे किती संकल्प आम्ही मोडताना पाहिले!

हे भूत नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे. दारू मेंदूचे काम मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्यावर मात करण्यासाठी उलट बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्यांनी अचानक दोर सोडला तर आपण जसे कोलमडतो, तसेच दारू एकदम थांबली की मेंदूचे होते. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळते. फिट येते ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत. भास, ताप आणि भ्रम तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत माणूस दगावू शकतो.

सर्वांनाच हा धोका नसतो. सणावाराला, लग्नात पिणारा आज ठरवून आज थांबू शकतो. पण सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, किंवा पूर्वी दारू सोडताना ज्याला फिट आली होती, त्याने घरी एकट्याने सोडू नये. आशाताईंना सांगून आधी दवाखाना गाठावा. डॉक्टर काही दिवस औषध देतात आणि मात्रा हळूहळू कमी करतात. सोबत ‘ब१’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन लागते, कारण रोज पिणारा धड जेवत नाही आणि त्याच्या शरीरात ते उरलेले नसते. आपल्या लोकांचा सलाईनवर फार भरवसा. परंतु ‘ब१’ न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले, तर अशा माणसाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांपासून पिण्याचे प्रमाण लपवू नका. लाजेने अर्धेच सांगितले तर औषधही अर्धेच मिळते.

फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

आणखी एक गोष्ट. ‘गुपचूप वरणात टाकायची गोळी द्या ना, ताई,’ असे कितीतरी बायका कळवळून विचारतात. त्यांचे दुःख आम्ही जाणतो, तरीही देत नाही. त्या गोळीवर दारू पडली की ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. माहीत नसलेला माणूस तर पिणारच. स्वतःच्या मर्जीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्यासाठीच ती आहे.

चार दिवस निभावले की शरीर सुटते, सवय मात्र सुटत नाही. त्यासाठी सोबत लागते. पूर्वी पिणाऱ्यांच्याच सभा चालवणारे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, आणि १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. गावालाही हात आहेत: पेसा कायद्याने १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दारूवर नियंत्रण आणण्याचा किंवा बंदी घालण्याचा अधिकार दिला. देवाला वाहिलेल्या चार थेंबांशी आमचे भांडण नाही; काळा गूळ आणि नवसागर घालून रोज गाळल्या जाणाऱ्या दारूशी आहे.

आणि दवाखान्यातून परतलेल्या गड्याला पहिले काही आठवडे बाजाराच्या दिवशी एकटे पाठवू नका. मजुरी घरी येऊ द्या आणि परतताना गुत्त्याची वाट सोडून दुसऱ्या वाटेने या.