आरव्हीत घरगुती फ्रिज बसवताना

अमेरिकेतल्या आरव्हींमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांत, मूळचा फ्रिज अनेकदा शोषण पद्धतीचा असतो. अमोनिया, पाणी, हायड्रोजन आणि गॅसची ज्योत, बस्स! कॉम्प्रेसरच नाही. प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये लावलेला हा शोध मला आजही थक्क करतो. पण गाडी कललेली उभी राहिली की असा फ्रिज नीट गार करत नाही.

त्याच्या जागी बसवलेला घरगुती फ्रिज लवकर गार होतो, बहुधा स्वस्तही पडतो. त्याला मात्र १२० व्होल्टची वीज लागते; जोडणी नसेल तिथे दणकट बॅटऱ्या आणि त्यांची वीज १२० व्होल्टची करणारा इन्व्हर्टर हवाच, शक्यतो प्युअर साइन वेव्ह प्रकारचा. जुनी गॅसची नळी जाणकाराकडूनच बंद करून घ्या, गळती तपासा. फ्रिज पक्का आवळा, दाराला कडी लावा. आणि खरेदीआधी गाडीचं दार मोजा. काहींना खिडकी काढून फ्रिज आत घ्यावा लागतो.