रानपक्ष्यांची शिकार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाताळच्या दिवसांत दक्षिण मुंबईतील हॉटेलांत भाजलेली टर्की मिळते, काही खानावळींत बटेरही मिळते आणि परदेशी वाहिन्यांवर रानटर्कीच्या शिकारीचे कार्यक्रम दिसतात. यामुळे पक्ष्यांची शिकार ही निरुपद्रवी हौस आहे, अशी समजूत मुंबईकरांमध्येही आढळते. त्या समजुतीमागील प्रमुख गैरसमजांचा येथे परामर्श घेतला आहे.

गैरसमज : टर्की आपल्या रानातही आढळते आणि माळढोक हे तिचेच देशी रूप आहे.

वस्तुस्थिती : रानटर्की मूळची उत्तर अमेरिकेतील असून तेथूनच ती माणसाळवली जाऊन युरोपात व पुढे भारतात आली. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अपूर्व प्राणी नेले, त्यांत टर्कीचा नर होता आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्याचे चित्र रंगवले. माळढोक हा वेगळ्याच गणातील, म्हणजे वेगळ्या मोठ्या वर्गगटातील पक्षी आहे. टर्कीचे आपल्याकडील खरे आप्त म्हणजे मोर, रानकोंबडा, तित्तर आणि लावा. हे सर्व ‘फॅसियानिडी’ या एकाच कुळातील, जमिनीवर दाणे-किडे टिपणारे पक्षी होत.

गैरसमज : मुंबईतील पक्षिविज्ञानाचा शिकारीशी कधीच संबंध नव्हता.

वस्तुस्थिती : संबंध होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था 1883 मध्ये भायखळ्याच्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या, संग्रहालयात स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते, तर तिच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीचा शौक असणारे अनेक होते. गिरगावच्या खेतवाडीत वाढलेल्या सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसल्याने ती कोणती, हे विचारण्यासाठी शिकारीचे शौकीन असलेले मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले आणि तेथील भुसा भरलेल्या पक्ष्यांच्या संग्रहातून त्यांच्या अभ्यासाची वाट उघडली. मात्र त्या काळी पक्षी हातात घेतल्यावाचून त्याची खात्रीलायक ओळख पटवणे अवघड होते. आज दुर्बीण, छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण उपलब्ध असताना त्या परंपरेचा दाखला हौशी शिकारीला लागू होत नाही.

गैरसमज : वाघ-हरीण मारणे गुन्हा आहे, तित्तर-लाव्याला, त्यातही स्वतःच्या शेतात, मोकळीक आहे.

वस्तुस्थिती : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार ‘शिकार’ या संज्ञेत केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, तसा प्रयत्न करणे, इतकेच नव्हे तर अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हेही येते. मूळ अधिनियमात शिकारीचे परवाने देण्याची तरतूद होती. ती 1991 च्या दुरुस्तीने रद्द झाली. त्यामुळे बंदुकीचा परवाना असला किंवा जमीन स्वतःची असली, तरी संरक्षित पक्ष्याच्या शिकारीचा हक्क त्यातून मिळत नाही. मोर पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीसाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैदेची तरतूद आहे.

गैरसमज : हॉटेलात बटेर उघडपणे मिळते, म्हणजे रानातील लावाही विकत घेता येतो.

वस्तुस्थिती : कुक्कुटपालन केंद्रांत वाढवली जाणारी ‘जपानी बटेर’ ही वेगळी, माणसाळवलेली जात आहे. रानातून फाशाने धरलेला लावा वा तित्तर बाळगणे आणि विकणे बेकायदा असून, विकत घेणाराही अडचणीत येऊ शकतो.

गैरसमज : अमेरिकेत शिकारीमुळे टर्की वाढल्या, म्हणून येथेही परवाने द्यावेत.

वस्तुस्थिती : विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील रानटर्की बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळेच घटल्या होत्या. पुढे 1937 च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला गेला, जंगले पुन्हा वाढली आणि रानातून पकडलेले थवे नव्या प्रदेशांत सोडले गेले. या साऱ्याच्या एकत्रित परिणामाने संख्या सावरली. वसंतात तेथे मादीच्या आवाजाची नक्कल करून मुख्यतः नर टिपले जातात. एक नर अनेक माद्यांशी जुगत असल्याने मोजके नर गेले तरी वीण फारशी घटत नाही. आपल्याकडील करड्या तित्तराचे नर-मादी मात्र जोडीने राहतात आणि दिसायलाही जवळजवळ सारखे असतात. पिंजऱ्यातील पाळीव तित्तराची साद ऐकून आव्हान द्यायला धावलेला पक्षी फाशात अडकला, की एक जोडीच मोडते.

सारांश, रानपक्ष्यांच्या हौशी शिकारीला आज कायद्यात थारा नाही आणि तिला विज्ञानाचाही आधार देता येत नाही. फासे वा रानपक्ष्यांची विक्री आढळल्यास नागरिकांनी स्वतः वाद न घालता वन विभागाला तत्काळ कळवावे.